बाद झालेला गडी कोण उठवतं?

साशंक : हल्ली आपल्या युवक शिबिरांत खेळ संपला की धडा सुरू होतो. पोरं कोलाडला कुंडलिकेतून राफ्ट काढून येतात, ओल्या कपड्यांनी बसतात आणि त्यांना सांगितलं जातं की जीवन म्हणजे नदी, प्रभू म्हणजे गाइड आणि अंगातलं लाइफ जॅकेट म्हणजे विश्वास. पेणच्या बाजूला कबड्डी झाली तर चढाई म्हणजे साक्ष देणं आणि पकड म्हणजे सैतान. माझा खेळावर राग नाही. मला खटकते ती ही सोय. नदीऐवजी डोंगर असता तर प्रभू दोर झाला असता, क्रिकेट असतं तर पंच झाला असता. बोलणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीपासून असतं आणि समोर कोणताही खेळ आला तरी तेच बाहेर निघतं. ज्या धड्यात चुकीचं उत्तर निघण्याची शक्यताच नाही, त्याला धडा कसं म्हणायचं? ती सजावट झाली. सजावटीनं प्रवचन छान दिसतं, पण ऐकणारा आला तसाच घरी जातो.

उत्साही : सजावट होते हे कबूल. पण म्हणून खेळाकडे पाहून विश्वासाबद्दल बोलूच नये असं म्हणाल, तर तुम्हाला प्रेषित पौलालाही गप्प बसवावं लागेल. तो करिंथकरांना लिहितो तेव्हा शर्यत, मुष्टियुद्ध, खेळाडूचं इंद्रियदमन आणि कोमेजणारा मुकुट यांचे दाखले देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत, ते पोसायडन या समुद्रदेवाच्या नावानं. जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीचा मुकुट मिळे. म्हणजे पौलानं दाखला घेतला तो परक्या देवाच्या जत्रेतून. पेण तालुक्यात भाताची कापणी झाल्यावर खाचरं सपाट करून मैदान आखतात, मधल्या रेषेवर नारळ फोडतात आणि संघांना ग्रामदैवताची नावं देतात. त्या मैदानावरून आपण काही उचललं तर आपण पौलाच्या वाटेनंच चाललो. आणि आपल्या मातीतही ही रीत नवी नाही. वारकरी संतांनी फुगडी, हमामा, विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू या सगळ्यांवर रचना केल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर भजन आणि कीर्तन टाकून दिलं नाही, तीच भांडी ख्रिस्तासाठी वापरली. मग हुतूतूनंच काय पाप केलंय?

साशंक : संतांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. त्यांच्या त्या रचनांमध्ये चेंडू किंवा विटी ही बहुधा संसाराची, जन्ममरणाच्या फेऱ्याची खूण असते. खेळाचं कौतुक करून त्यातून सद्गुण काढण्यासाठी त्या लिहिलेल्या नाहीत. या खेळातून सुट असं सांगण्यासाठी लिहिल्यात. तुमच्या शिबिरातला वक्ता नेमकं उलट सांगतो, की खेळत राहा, देव त्यातच आहे. पौलाचंही तसंच. तो म्हणतो की शर्यतीत धावतात सगळे, पण बक्षीस एकालाच, आणि मग सगळ्यांना म्हणतो की तुम्ही असं धावा की तुम्हाला मिळेल. शर्यतीचा नियम तिथे मोडला. खरोखरच्या मैदानावर सगळ्यांनी कितीही जोरात धावून मुकुट एकाच डोक्यावर जातो. पौलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं दाखला घेतला आणि हवा तिथे वाकवला. ते वाकवणं तुम्ही विसरता आणि दाखला तेवढा उचलता.

उत्साही : तुम्ही माझं काम सोपं केलंत. दाखला जिथे वाकतो तिथेच तो काही शिकवतो, हे मला मान्य आहे. कबड्डीच घ्या. आज आपण जी कबड्डी खेळतो तिचा पाया संजीवनी प्रकार. गडी बाद झाला की मैदानाबाहेर जाऊन बसतो. तिथे बसून तो स्वतःसाठी काहीही करू शकत नाही. कितीही तयारीचा चढाईपटू असो, पळून, ओरडून, विनवून त्याला आत येता येत नाही. आत असलेल्या एखाद्या सोबत्यानं दम घुमवत समोरच्या अंगणात जाऊन गडी बाद केला, किंवा सगळ्यांनी मिळून चढाईवाल्याला पकडलं, की बाहेरचा उठतो. स्वतःच्या कर्मानं नव्हे, दुसऱ्यानं जीव धोक्यात घातला म्हणून. तारणाबद्दल आपली मंडळी जे मानते त्याच्या इतकं जवळ जाणारं चित्र मला दुसऱ्या कोणत्याच मैदानी खेळात दिसत नाही. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपला. फुटबॉलमध्ये लाल कार्डाला माफी नाही. कबड्डीत मात्र मेलेला परत येतो आणि तो आला की त्याला कुणी विचारत नाही की तू कशानं मेलास.

साशंक : चित्र देखणं आहे, म्हणून तर भीती वाटते. कबड्डीचे जुने प्रकार तीन : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी उठत नाही. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत तो बाहेरच. अमर प्रकारात कुणी बाहेर जातच नाही, गुण तेवढा लिहिला जातो आणि गडी आत खेळत राहतो. समजा विसाव्या शतकात नियम ठरवणाऱ्यांनी संजीवनीऐवजी गामिनी निवडली असती, तर तुम्ही आज पेणच्या पोरांना काय सांगितलं असतं? न्यायाच्या दिवसाचा धडा. आणि अमर निवडली असती तर? आत्मा मरत नाही म्हणाला असता. तीन नियम, तीन धर्मसिद्धान्त, आणि तिन्ही वेळा तुमचा आवाज तितकाच खात्रीचा. एवढ्यावर भागत नाही. संजीवनीतही कोण आधी उठतो? जो आधी बाद झाला तो. क्रम मोडता येत नाही, पंच हात धरून मागे बसवतो. आपल्या प्रभूच्या दाखल्यात द्राक्षमळ्यात दिवस मावळताना आलेल्या मजुराला आधी बोलावलं जातं आणि तितकीच मजुरी मिळते. शिवाय कबड्डीत आपला एक उठतो तो समोरचा एक पडतो तेव्हाच. कुणाला तरी मारल्याशिवाय कुणी जिवंत होत नाही. वधस्तंभावर जे घडलं असं आपण मानतो, त्यात हा हिशोब आहे का?

उत्साही : नाही. आणि हा फरक पोरांना नेमका कबड्डीमुळेच कळेल. ‘कृपा मोफत आहे’ हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलंय, ते आता कानाला लागत नाही. पण ज्यानं सात मिनिटं बाहेर बसून सोबत्याच्या चढाईकडे डोळे लावलेत, त्याला विचारा की आता अशी कल्पना कर : तू उठलास आणि त्यासाठी समोरचा कुणीही बाहेर गेला नाही. तो म्हणेल, असा खेळ कसा असेल? तिथून पुढचं बोलणं खरं. धडा साम्यात नाही, विसंगतीत आहे, एवढं मी तुमच्याकडून घेतलं. मात्र विसंगती कळायला आधी साम्य अंगावरून गेलेलं असावं लागतं. पुस्तकात वाचून ते होत नाही.

साशंक : मग कुंडलिकेचीही विसंगती सांगा. राफ्ट सुटते ती सकाळी, भिऱ्याच्या बाजूचं वीजकेंद्र पाणी सोडतं तेव्हा. त्याआधी पात्रात दगड उघडे असतात. यंत्रं बंद राहिली तर हेल्मेट घालून पोरं काठावर बसून राहतात. म्हणजे ज्या प्रवाहाला तुम्ही कृपेचा ओघ म्हणता तो विजेच्या गरजेप्रमाणे येतो आणि ओसरतो. हे पाणी कुंडलिकेचंही नव्हे. ते मुळशीचं, मुळा नदीचं. मोकळं सोडलं असतं तर पुण्यावरून भीमेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांच्या कंपनीनं धरण बांधून ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला उतरवलं, पाचशेक मीटर खाली, आणि भिऱ्याचं केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. त्यासाठी मावळातली सुमारे पन्नास गावं पाण्याखाली गेली. १९२१ मध्ये त्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. आज त्या पाण्यावर तासदीड तास उसळून पोरं वर येतात आणि आपण सांगतो की देवानं हे फुकट दिलं. कुणी दिलं? कुणाकडून घेऊन दिलं?

(इथे लेखकानं तोंड घालायचं तर एवढंच, की हा प्रश्न फक्त प्रवचनकाराला लागू नाही. कोलाडच्या काठावर तंबू ठोकून ‘निसर्गाच्या कुशीत’ असा फलक लावणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे. त्या कुशीत टर्बाइन आहे.)

उत्साही : हे मी शिबिरात सांगितलेलं नाही, आणि सांगायला हवं. पण तुम्ही हे माझ्याविरुद्ध मांडलंत आणि मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. घेणाऱ्याला जे फुकट मिळतं त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजलेली असते, हा आपल्या विश्वासाचा गाभा नव्हे का? लाइफ जॅकेट म्हणजे विश्वास हे पोरकट आहे. पण तुझ्या आनंदाखाली कुणाचं तरी शेत आहे हे कळून वल्हं हातात धरणं, हे पोरकट नाही.

साशंक : थांबा, इथे पाय घसरतोय. ख्रिस्तानं किंमत मोजली ती स्वेच्छेनं, असं आपण मानतो. मुळशीच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तर नकार दिला होता, तोही आडवं पडून. दोन्ही एका माळेत ओवलं की जबरदस्ती पवित्र होते. दाखल्याचा हा सगळ्यात मोठा धोका. वाईट दाखला तितका घातक नसतो, कारण तो लगेच उघडा पडतो. चांगला दाखला अन्यायावर गोड पांघरूण घालतो. सत्ता आणि खेळ एकत्र आले की हे आधीही झालंय. श्रीनगरला टिंडेल-बिस्को नावाचे मिशनरी शिक्षक होते. त्यांनी १८९१ मध्ये चामड्याच्या चेंडूला शिवायला तयार नसलेल्या ब्राह्मण पोरांना मैदानात नेऊन फुटबॉल खेळायला लावलं. त्यांच्या लेखी ते चारित्र्य घडवणं होतं. पोरांना काय वाटलं ते वेगळं. त्या काळच्या इंग्रजी शाळांत पुरुषार्थ, मैदान आणि ख्रिस्त यांची एकच मोळी बांधलेली होती. आपण तिचाच एक दोरा ओढतोय.

उत्साही : तो वारसा नाकारत नाही. पण त्याच वारशातून आणखी काही आलं. बास्केटबॉल १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथनं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत काढला. व्हॉलीबॉल १८९५ मध्ये विल्यम मॉर्गननं तिथूनच जवळच्या होलियोकच्या वायएमसीएत काढला, जरा वयस्क माणसांना झेपेल असा. रोह्याकडच्या गावांत आज संध्याकाळी जाळी लागते ती ख्रिस्ती संस्थेत जन्मलेल्या खेळाची. कुणावर जबरदस्ती नाही.

साशंक : आणि त्या जाळीभोवती ख्रिस्ताची आठवण कुणाला आहे? तुम्ही स्वतःच पुरावा दिलात. दोन खेळ ख्रिस्ती हेतूनं, ख्रिस्ती माणसांनी, ख्रिस्ती संस्थेत बनवले. तो हेतू सव्वाशे वर्षांत पूर्ण उडून गेला. खेळात मुद्दाम घातलेलाही विश्वास टिकला नाही, तर कबड्डीत कुणी न घातलेला कुठून सापडणार?

उत्साही : पाण्यात मीठ विरघळलं म्हणून ते गेलं असं पेणच्या मिठागरांकडचा माणूस म्हणणार नाही. पण हे उत्तर मलाच पुरेसं वाटत नाही, म्हणून माणसाचं उदाहरण देतो. विजय हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती घरातले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन हे संघ होते. १९३७ मध्ये पाचवा आला, ‘रेस्ट’, म्हणजे या चौघांत न बसणाऱ्यांचा. डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी पाच बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ वर संपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागी झाली, तीत धाकट्या भावाचा, विवेक हजाऱ्यांचा वाटा २१. एवढं होऊन संघ डावानं हरला. लोक ३०९ लक्षात ठेवतात. मला ते २१ महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, विकेट टाकायची नाही, टाळ्या भावाला, आणि शेवटी पराभव. सेवा म्हणजे काय हे यापेक्षा नेटकं कसं सांगणार?

साशंक : विवेक हजाऱ्यांच्या त्या खेळीत ख्रिस्ती काय होतं? कोणताही समजूतदार फलंदाज तेच करतो. ख्रिस्ती होता तो संघाचा शिक्का, आणि तोही विश्वासाचा नव्हता, उरलेल्यांच्या खात्याचा होता. गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार सामन्यांना विरोध केला तो उगीच नाही. हजारे पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधार झाले, तेव्हा ते कोणत्याही धर्माच्या संघाचे नव्हते. मला तर वाटतं की त्यांच्या खेळातून आपण धडा काढू नये हाच त्यांचा मान. पुन्हा सांगतो, मला खेळ नकोसा नाही. तो शाळेत घातलेला नको आहे. आपल्याच भागात बेने इस्रायली लोक होते. पेणकर, रोहेकर ही आडनावं त्यांच्यात आजही आहेत. घाण्यावर तेल काढणारे, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांनी घाण्यातून धडे काढले नाहीत. बैल कोलूभोवती फिरतो म्हणजे काय, यावर प्रवचन केलं नाही. एक दिवस घाणा थांबवला, त्या दिवसाचं तेल सोडलं, आणि सगळ्या कोकणाला कळलं की यांचा देव वेगळा आहे. विश्रांती हीच आज्ञा होती. तुम्ही पोरांची विश्रांती घेता आणि तिचं गृहपाठात रूपांतर करता.

उत्साही : आता तुम्ही घाण्यातून धडा काढलात.

साशंक : काढला. पण त्यात कुणाचं तरी तेल बुडालेलं आहे, हा फरक सोडू नका.

उत्साही : सोडत नाही, उलट धरून ठेवतो. दोन गोष्टी आपण आतापर्यंत एकत्र बोलत होतो. खेळ विश्वासाचं चित्र आहे का, हा एक प्रश्न. खेळ विश्वासानं वागण्याची जागा आहे का, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही मला बरंच मागे ढकललंत. दुसऱ्याकडे पाहा. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यात जन्मले. त्यांनी स्वाध्यायींना शेताबद्दल सुंदर दाखले देऊन सोडलं नाही. योगेश्वर कृषी केली. शेत देवाचं, प्रत्येकानं आपल्या वाट्याचे दिवस तिथे राबायचं, पीक कुणाच्या मालकीचं नाही. दाखला संपला आणि कृती सुरू झाली. मैदानावरही अशी जागा आहे. गावच्या कबड्डीत कॅमेरा नसतो. चढाईवाला वळताना त्याच्या बोटाचं टोक कोपरारक्षकाच्या मनगटाला लागतं. पंच दुसऱ्या बाजूला असतो, धूळ उडालेली असते. स्पर्श झाला हे दोघांनाच माहीत. त्या क्षणी कोपरारक्षक स्वतः हात वर करून बाहेर चालू लागतो, तेव्हा ते सत्याचं चित्र नसतं. ते सत्यच असतं, आणि त्याची किंमत संघानं एका गुणानं मोजलेली असते. तुमचं तेल इथे बुडालं.

साशंक : हे मात्र मला खोडता येत नाही. पण मग तुमच्या विषयातला ‘ख्रिस्ती’ शब्द कुठे राहिला? हात वर करणारा तो पोरगा बहुतेक वेळा आगरी किंवा मराठा असतो. सकाळी ग्रामदेवीला नारळ देऊन आलेला असतो. त्याच्या प्रामाणिकपणावर आपण आपल्या मंडळीची मोहर उमटवायची? ती उचलेगिरी होईल.

उत्साही : प्रभूनं शेजारधर्म सांगताना याजक घेतला नाही, लेवीही घेतला नाही. शोमरोनी घेतला.

साशंक : घेतला, पण शोमरोन्याला आपल्यात ओढण्यासाठी नाही. प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला खाली मान घालायला लावण्यासाठी. त्या पोराचं उदाहरण देणार असाल तर त्याच हेतूनं द्या. शिबिरात उभे राहून सांगा, की आपल्या मुलांपैकी किती जणांनी असा हात वर केला? आणि आपल्या मंडळीच्या व्यवहारात, जमिनीच्या वादात, हिशोबाच्या वहीत कुणी केला? त्या पोरामुळे आपली मान खाली गेली तर तो दाखला. आपली छाती फुगली तर पुन्हा लाइफ जॅकेटच.

उत्साही : तसं सांगायची माझी तयारी आहे. पण ते ऐकून मान खाली घालणारी पोरं आधी त्या मैदानावर खेळलेली तर हवीत. इथल्या स्पर्धा भरतात रविवारी सकाळपासून, उपासनेच्याच वेळी. एरिक लिडेलनं १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारच्या फेरीमुळे शंभर मीटर सोडली आणि चारशे मीटर जिंकली, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच्यापुढे दुसरी शर्यत होती. पेणच्या आपल्या मुलाला दुसरी स्पर्धा नाही. तो रविवारी मंदिरात आला तर त्या मैदानावर हात वर करायची वेळ त्याच्यावर कधी येणारच नाही. मैदानावर गेला तर तुम्हीच त्याला शनवार तेल्यांची आठवण द्याल. मी त्याला काय सांगू?

साशंक : घाणा बंद ठेवायला सांगा, असंच मी सकाळी म्हणालो असतो. आता ते तोंडातून तितक्या सहज येत नाही. पण जा म्हणायलाही जीभ वळत नाही.